प्लीटेड जाळी, पावसाळी ॲसिड किड्यासाठी: खारघरहून रिव्ह्यू

हा रिव्ह्यू खिडकीच्या प्लीटेड, म्हणजे पंख्यासारख्या घड्या होऊन एका बाजूला सरकणाऱ्या जाळीचा आहे पण डासांबद्दल मी काही लिहिणार नाहीये, डासांसाठी जाळी कशी चालते ते सगळ्यांना माहितीच आहे. पावसाळ्यात ट्यूबलाइटभोवती येणारा तो लाल-काळा बारका किडा, जो अंगावर चिरडला गेला की एकदोन दिवसांनी भाजल्यासारखी रेष उठते, त्याच्यासाठी जाळी घ्यावी का एवढाच विषय. जाळीला माझ्याकडून 5 पैकी 4, फिटिंगला 5 पैकी अडीच, आणि आमच्या सोसायटीने लॉबीत लावलेल्या निळ्या लाइटच्या मशीनला शून्य. घाई असेल त्यांनी सरळ जाळीच्या भागावर जा, बाकीच्यांसाठी नीट सविस्तर लिहितेय कारण या किड्याबद्दल आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे काय काय फिरतं ते वाचून डोकं धरायची वेळ येते.

आम्ही पेठपाडा मेट्रो स्टेशनच्या पुढे, तळोज्याच्या बाजूला राहतो. बिल्डिंगच्या मागे मोकळा प्लॉट, त्यात पावसात पाणी साठतं, कमरेएवढं गवत, आणि त्याच्या पलीकडे अजून थोडीफार भातशेती शिल्लक आहे. म्हणजे व्ह्यू मस्त, पण हा किडा राहतो तोही अशाच जागी, ओलसर माती, कुजलेला पालापाचोळा, भातखाचरं. पाऊस जोराचा झाला की तो तिथून बाहेर पडतो आणि रात्री जिथे पांढरा लाइट दिसेल तिकडे येतो. खालच्या मजल्यांना जास्त त्रास होतो असं वाटत होतं पण आमच्या वरच्या मजल्यावरच्या लोकांनाही झालाय, त्याला पंख आहेत, उडतो, फक्त बसल्यावर तो मुंगीसारखा तुरुतुरु पळतो म्हणून लोकांना वाटतं हा उडत नसेल.

ओळखायचा कसा ते सांगते. लांबी एक सेंटीमीटरच्या आतच, सात ते दहा मिलिमीटर, आणि अगदी बारीक, रुंदी जेमतेम मिलिमीटरभर. डोकं काळं, मान नारिंगी, मग मध्ये चमकदार निळसर-हिरवट आखूड पंखांचं झाकण, मग परत नारिंगी पोट आणि शेवटचं टोक काळं. डिवचलं की शेपटीकडचा भाग विंचवासारखा वर करतो, त्यावरून लोक म्हणतात चावतो, नांगी मारतो. चावत नाही, नांगीही नाही. त्याच्या अंगातल्या रक्तात पेडेरिन नावाचं विष असतं, तो चिरडला की ते आपल्या कातडीवर पुसलं जातं, बास. आणि मजा म्हणजे हे विष तो स्वतः बनवतच नाही, त्याच्या शरीरात राहणारे बॅक्टेरिया बनवतात, आणि असतंही मुख्यतः माद्यांमध्ये. एका किड्यात इतकं कमी असतं की शास्त्रज्ञांना ते अभ्यासण्याइतकं गोळा करायला अडीच कोटी किडे लागले होते. अडीच कोटी! कोणी पकडले असतील बिचाऱ्यांनी. आणि आपल्याला मात्र एकच पुरतो.

रोव्ह बीटल, पेडेरस, नैरोबी फ्लाय ही सगळी याच खानदानाची नावं. 1998 मध्ये एल निनोच्या पावसानंतर नैरोबीत याचा प्रचंड त्रास झाला होता, आणि आपल्याकडे 2022 च्या जुलैत सिक्कीममधल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या शंभरेक मुलांना झाला तेव्हा सगळ्या न्यूज चॅनलवर "आफ्रिकेची माशी भारतात" असं चाललं होतं. त्यात माशी पण नाही आणि आफ्रिकेतून आली असंही काही नाही, याच्या जाती भारतात पूर्वीपासून आहेत, भातशेती करणाऱ्या कोणालाही विचारा.

आमच्याकडे सुरुवात सासूबाईंपासून झाली. मानेवर आडवी लाल रेष, आधी नुसती जळजळ, दुसऱ्या दिवशी त्यावर बारीक बारीक पिवळट फोड. त्यांचं निदान तयार होतं, "अगं ही नागीणच आहे, गेरू लाव आणि गावाकडे फोन कर, तिथे उतरवतात." त्याच आठवड्यात नवऱ्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला डाग उठला आणि हात दुमडला की जिथे टेकतो बरोबर तिथे समोरासमोर दुसरा तसाच. मग मात्र आम्ही दोघांनाही स्किनच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी दोन मिनिटं बघितलं आणि विचारलं, "आजी, झोपता तिथे खिडकीजवळ ट्यूब आहे का?" त्यांनी समजावलं ते असं की नागिणीत बहुतेक वेळा आधी दुखायला लागतं, मग फोड येतात, आणि ते शरीराच्या एकाच बाजूला नसेच्या पट्ट्यात येतात. या किड्याची रेष मात्र जिथून तो झोपेत पुसला गेला तशी वेडीवाकडी कुठेही असते, आणि सांध्याच्या घडीत असेल तर दोन्हीकडे छापा उठतो. लागल्या लागल्या कळत नाही हीच खरी गोची आहे, साधारण एक-दोन दिवसांनी उठतं, तोपर्यंत किडा कुठे आणि आपण कुठे, म्हणून मग कोळी फिरला, पाल गेली, डाळिंबाची ॲलर्जी, जे सुचेल ते.

औषध साधंच दिलं, थोडे दिवस लावायला स्टेरॉइडचं मलम, खाजेसाठी गोळी, गार पाण्याच्या पट्ट्या. दोन-तीन आठवड्यांत बरं होतं पण काळा डाग बराच काळ राहतो, सासूबाईंचा अजून आहे. एक गोष्ट डॉक्टरांनी जोर देऊन सांगितली ती इथे लिहिते, मेडिकलवाल्याकडून सगळ्यावर चालणारी ती मिक्स ट्यूब आणून चोपडू नका. आणि डोळ्याला लागलं, म्हणजे हाताने किडा मारला आणि तोच हात डोळ्याला लावला, तर घरी वेळ न घालवता डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. एकमेकांपासून पसरत नाही हा रोग, पण हाताला लागलेलं विष न धुता दुसरीकडे हात लावला तर तिथेही उठतं, त्यामुळे शंका आली की लगेच साबण आणि भरपूर पाणी, आणि चादर, उशीचा अभ्रा, टॉवेल धुवायला.

मध्येच एक सांगून टाकते कारण ग्रुपवर दोन वेगळे किडे एकत्र करून फोटो फिरत असतात. सासरे गावाकडे शेती करायचे, ते म्हणाले हे तर हिंगे. हिंगे वेगळे. भेंडी, तूर, बाजरी, भोपळ्याच्या फुलांवर बसणारे ते चांगले मोठे, दोन-अडीच सेंटीमीटरचे, काळ्या पंखांवर नारिंगी पट्टे असलेले भुंगेरे, ज्यांना इंग्रजीत ब्लिस्टर बीटल म्हणतात. त्यांच्यात कॅन्थरिडिन असतं, ते धरलं-दाबलं की पायाच्या सांध्यातून पिवळा थेंब सोडतात आणि तो लागला की काही तासांत मोठा पाण्याचा फोड येतो. 1810 साली रोबिके नावाच्या फ्रेंच केमिस्टने ते पहिल्यांदा वेगळं काढलं, आणि आता 2023 मध्ये अमेरिकेत मोलस्कम नावाच्या त्वचेवरच्या पुटकुळ्यांसाठी त्याच कॅन्थरिडिनचं औषध मंजूर झालंय, अर्थात ते डॉक्टरने लावायचं, आपण भुंगेरा पकडून नाही. टेरेसवर भेंडी लावलेल्यांना हिंगे भेटतील, हातमोजे घालून साबणाच्या पाण्यात टाका. रात्री बेडरूममध्ये येणारा आणि खिडकीच्या जाळीशी संबंध असलेला किडा मात्र पहिला, पेडेरस.

आता मशीन. सोसायटीत चार-पाच घरांत हे झाल्यावर कमिटीने लॉबीत आणि क्लबहाउसमध्ये ती निळ्या ट्यूबची, करंट देऊन किडे मारणारी मशीन लावली. हॉटेलात असते ती. अहो जो किडा अल्ट्राव्हायोलेटकडे ओढला जातो त्याला तुम्ही अल्ट्राव्हायोलेट दाखवून आत बोलावताय! पाहुण्यांना आमंत्रण देऊन मग दारात पायपुसणं टाकल्यासारखं. सगळे काही जाळीला चिकटून मरत नाहीत, बरेचसे आजूबाजूच्या भिंतीवर, सोफ्यावर, लिफ्टच्या बटणांशेजारी फिरत बसतात, आणि जे मरतात ते ट्रेमध्ये पडतात. मेलेला, वाळलेला किडासुद्धा विषारीच असतो, आणि आमच्याकडे तो ट्रे हाउसकीपिंगच्या मावशी उघड्या हाताने साफ करत होत्या. त्यांना हातमोजे द्या म्हणून मी दोनदा मेसेज टाकला, दुसऱ्यांदा दिले. हीच मशीन बाहेर, बिल्डिंगपासून लांब, प्लॉटच्या भिंतीकडे लावली असती तर थोडा उपयोग झाला असता कदाचित. आत अजिबात नको. रॅकेटबद्दलही तेच, डासांना ठीक आहे, हा किडा भिंतीवर बसलेला असताना रॅकेट दाबून धरली की तो चिरडतो आणि डाग तिथेच राहतो.

पेस्ट कंट्रोलचं पण ऐका. एका कंपनीला फोन केला, नाव लिहीत नाही. फोनवरच्या ताईंनी "सर्व उडणारे कीटक" असं वर्षाचं पॅकेज सांगितलं, प्रत्यक्षात आलेल्या मुलाने झुरळाची जेल लावली आणि खिडकीच्या चौकटीला फवारा मारला. मी त्याला फोटो दाखवला तर प्रामाणिकपणे म्हणाला, "मॅडम, हा घरात राहतच नाही, रोज बाहेरून नवीन येणार, आम्ही घरात मारून काय करणार." बरोबरच आहे त्याचं. घरात याची अंडी नसतात, घरटं नसतं, झुरळासारखं मूळ शोधून मारायचा प्रकारच नाही. मग काही जण म्हणाले मागच्या प्लॉटवर आणि शेतावर फवारणी करून घेऊ. तेही नको, शेतात हा किडा मित्र आहे, भातावरचे तुडतुडे, मावा खातो, त्याला मारलं तर शेतकऱ्याचं नुकसान. पॅकेज मी घेतलं नाही, त्या मुलाला चहा दिला.

तर उरतं काय, तो आत येऊ न देणं आणि त्याला बोलावणारा लाइट बदलणं. एवढं दोनच.

जाळी. आमच्या खिडक्या दोन ट्रॅकच्या स्लायडिंग, बिल्डरने जाळीचा तिसरा ट्रॅक दिलाच नाही, त्यामुळे जाळीचं शटर बसवायचं म्हणजे पूर्ण खिडकी बदलायची. म्हणून तीन पर्याय उरले. एक, वेल्क्रोची जाळी, सगळ्यात स्वस्त, आमच्या वरच्या मजल्यावर आहे, पण इथल्या पावसाळी दमटपणात चिकटपट्टीचा गोंद कोपऱ्यातून सुटतो आणि त्या एका कोपऱ्यातून सगळा कार्यक्रम होतो. शिवाय खिडकी बंद-उघड करायला दरवेळी ते टराटरा काढा आणि लावा, सासूबाईंना ते जमण्यातलं नाही. दोन, स्टीलच्या जाळीची ॲल्युमिनियम फ्रेम, कबुतरं आणि उंदीर असलेल्यांनी तीच घ्या, मजबूत आहे, पण आमच्या ग्रिलमध्ये कपडे वाळत घालायला हात बाहेर काढावा लागतो, ती उघडणार कुठे. तीन, प्लीटेड, आम्ही ती घेतली.

रेट खारघर, कामोठे, बेलापूर असं तीन ठिकाणी विचारला, वेल्क्रोपेक्षा तिपटीच्या वर जातो स्क्वेअर फुटाला, आणि प्रत्येक जण मिनिमम साइज लावतो, म्हणजे बाथरूमची छोटी खिडकी असली तरी पैसे ठरलेल्या फुटांचे. हे कोटेशनमध्ये लिहून घ्या, नाहीतर बिल बघून धक्का बसतो.

या किड्यासाठी जाळी बघताना दोन गोष्टी मी मुद्दाम विचारल्या. पहिली, भोकं किती बारीक. हा किडा लांब असला तरी अंगाने बारीक आहे, त्यामुळे डासाला थांबवणारी ढोबळ जाळी याला थांबवेलच असं नाही, सरपटत आत येऊ शकतो. नेहमीच्या डासांच्या जाळीत एका इंचात 18 बाय 16 भोकं असा हिशोब असतो, त्याहून बारीक मिळाली तर घ्या, हवा थोडी कमी होते हे मात्र खरं, आमच्या हॉलमध्ये फरक जाणवतो, पंखा एक नंबरने वाढवावा लागतो. दुसरी, जाळी बंद केल्यावर खालच्या आणि वरच्या ट्रॅकला फट राहते का. प्लीटेड जाळी दोऱ्यांवर ताणलेली असते, दोरे सैल असतील तर खालची कड वाऱ्याने ट्रॅकमधून उचलली जाते. दुकानात सॅम्पल असतं छोटं, दोन फुटांचं, त्यात काही कळत नाही, पाच फुटी खिडकीवर जोराच्या वाऱ्यात काय होतं ते महत्त्वाचं. कोणाकडे बसवलेली असेल तर त्यांच्या घरी जाऊन बघा.

आणि इथेच फिटिंगचे मार्क कापले. जाळी चांगली, फ्रेमही ठीक, पण मुलं बसवायला आली ती संध्याकाळी उशिरा, घाईत. आमच्या खिडकीची ग्रॅनाइटची पट्टी एका बाजूला थोडी उतरती आहे, पाणी बाहेर जावं म्हणून, त्यावर सरळ फ्रेम ठेवली की एका टोकाला बोटाच्या पेराएवढी नाही पण काडी जाईल एवढी फट. मी दाखवली तर म्हणे "ताई, एवढ्यातून डास येत नाही." अहो दादा, डासाचं नाव कोणी काढलं! सिलिकॉन भरा म्हटलं तर सिलिकॉनची गन गाडीत नव्हती. मग फोन, मग उद्या येतो, मग परवा, शेवटी उरलेले पैसे दिले नाहीत म्हणून आले आणि भरून गेले. दुकानाच्या मालकांशी बोलणं मात्र नीट झालं, वाद घातला नाही, त्यामुळे अडीच दिले, नाहीतर एकच देणार होते. पूर्ण पैसे आधी देऊ नका एवढं लक्षात ठेवा.

आणखी एक फट कोणीच सांगत नाही. स्लायडिंग खिडकीच्या खालच्या ट्रॅकला पावसाचं पाणी बाहेर जायला भोकं ठेवलेली असतात. जाळी आतल्या बाजूला असेल तर प्रश्न नाही, पण जाळी बाहेरच्या बाजूला असेल तर त्या भोकांतून किडा थेट ट्रॅकमध्ये आणि तिथून घरात. ती बुजवायची नाहीत, पाणी तुंबेल, त्यावर जाळीचा छोटा तुकडा लावायचा. तसंच एसीच्या पाइपचं भोक, बाथरूमच्या एक्झॉस्टची मोकळी चौकट आणि मेन दाराखालची फट. दाराखाली ब्रशची पट्टी लावली, हार्डवेअरच्या दुकानात मिळते, स्क्रूने बसवायची, चिकटवायची घेऊ नका.

लाइटचं काम जाळीपेक्षाही स्वस्तात झालं आणि खरं सांगायचं तर अर्धा फरक त्यानेच पडला असावा. ड्राय बाल्कनीत आणि बेडरूमच्या खिडकीजवळ जुन्या ट्यूबलाइट होत्या, त्या काढून पिवळसर वॉर्म व्हाइट एलईडी लावले. किडे पांढऱ्या-निळसर उजेडाला जास्त येतात, पिवळ्याला कमी. शून्य होत नाहीत. पण आता सकाळी बाल्कनीच्या लादीवर जे पडलेले दिसायचे ते बरेच कमी झालेत. आणि संध्याकाळी लाइट लावायच्या आधी जाळी ओढायची ही सवय घरात सगळ्यांना लावली, लेकीला सोडून, तिला सांगून सांगून मी थकले. पलंग पण खिडकीपासून आणि लाइटच्या खालून हलवला, झोपायच्या आधी चादर झटकतो.

घरात एखादा दिसलाच तर मारायचा नाही. कागद पुढे धरायचा, त्यावर चढला की बाहेर झटकायचा. अंगावर बसला असेल तर फुंकर, नाहीतर कागदानेच उचलायचा, आणि ती जागा धुऊन टाकायची. हे सगळ्यात अवघड आहे हे मान्य, मानेवर काही वळवळलं की हात आपोआप चापट मारतो, डोकं नंतर चालतं.

पावसाळा संपत आला तेव्हाची जाळीची अवस्था सांगते. जाळी टिकलीये, दोरे ताणलेले आहेत, एका खिडकीचं हँडल थोडं खडखडतं. मागच्या प्लॉटवरची धूळ घड्यांमध्ये बसते, मऊ ब्रशने किंवा व्हॅक्यूमने काढायची, ओल्या फडक्याने घासली की घड्या बिघडतात असं दुकानवाल्याने सांगितलंय. जाळी ओढताना हँडलला धरूनच ओढा, मध्ये हात लावून ढकलली की घडी मोडते, आमच्या पाहुण्यांच्या मुलाने एकदा अख्खा हात घातला, तिथे कायमची चुणी पडलीये. मांजर असेल तर ही जाळी घेऊच नका, एका दुपारीत संपेल.

किचनची खिडकी अजून राहिलीये कारण तिथे एक्झॉस्ट खिडकीच्या काचेतच बसवलाय आणि प्लीटेडवाले म्हणतात तिथे आमचं काम नाही, तिथे स्टीलची बारीक जाळी फ्रेममध्ये करून घ्यायचीये. तळोजा, कामोठे बाजूला ते काम नीट करणारा कोणी माहीत असेल तर सांगा, सिलिकॉनची गन स्वतःची असलेला.